डिजिटल खरेदी: ताब्यात नेमकं काय राहतं, आणि घरातली खाती एकत्र ठेवावीत का?

निळी_शाई (धागाकर्ती)

ई-पुस्तकं, गाणी, सिनेमे, गेम्स, फोटो हे सगळं आता कपाटात नाही, खात्यांमध्ये असतं. त्यावरून तीन प्रश्न आहेत. 'अटी नीट वाचा' यापलीकडची उत्तरं मिळाली तर बरं.

१. पैसे भरून घेतलेल्यातलं काय आपल्या ताब्यात राहणार, हे घेण्याआधी कसं ओळखायचं?

२. स्वतःपुरती प्रत काढून ठेवणं कायद्यात कुठवर बसतं? डीआरएम (फाइल कुठे आणि कुणी उघडायची यावर दुकानाने घातलेलं डिजिटल कुलूप) काढणं सरसकट गुन्हा आहे असं एकीकडे वाचायला मिळतं, आणि 'पैसे भरलेत ना, मग हक्कच आहे' असं दुसरीकडे.

३. लग्न झाल्यावर किंवा एकत्र राहायला लागल्यावर दोघांनी एकच खातं वापरावं की वेगवेगळी? वेगळं व्हायची वेळ आली, किंवा दोघांतलं एक माणूस गेलं, तर उरलेल्याच्या हाती काय लागतं?

स्ट्रीमिंग पुरेसं आहे, मालकीचा सोस कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनीही जरूर लिहा, फक्त कारणं द्या.

बिनकुलूप

पहिल्या प्रश्नासाठी एक चाचणी आहे. फाइल पेनड्राइव्हवर घ्या, जिथे तुमचं खातं कधीच उघडलेलं नाही अशा यंत्रावर न्या, इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्याच कुणाच्या प्रोग्रॅममध्ये ती उघडून बघा. उघडली तर ताब्यात आहे. फोन विमान मोडवर टाकून उघडली, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. डीआरएमवाली फाइलही त्याच यंत्रावर नेटशिवाय उघडते, कारण तिची किल्ली यंत्रात आधीच येऊन पडलेली असते. यंत्र बदललं किंवा खातं बंद झालं की किल्ली नव्याने मागावी लागते, आणि ती द्यायची की नाही हे समोरचा सर्व्हर ठरवतो.

गाण्यांची परिस्थिती सगळ्यात बरी. आयट्यून्स स्टोअरने २००९ मध्ये गाण्यांवरचं डीआरएम काढून टाकलं. तेव्हापासून तिथे सुटी विकत घेतलेली गाणी साध्या फाइली म्हणून उतरतात आणि कुठेही वाजतात. गफलत होते ती वर्गणीमुळे. ॲपल म्युझिकच्या वर्गणीतून 'डाउनलोड' केलेली गाणी त्याच यादीत, त्याच रांगेत दिसतात, पण ती बांधलेली असतात आणि वर्गणी थांबली की वाजत नाहीत. संगणकावर फाइलचं शेपूट (नावातली टिंबानंतरची अक्षरं) बघा: एम४ए असेल तर सुटी, एम४पी असेल तर कुलूपबंद. बँडकॅम्प या गाण्यांच्या दुकानात तर एमपी३ किंवा फ्लॅक अशी साधी फाइल थेट मिळते.

सिनेमांचं उलट. मोठ्या दुकानांत 'विकत' घेतलेला सिनेमाही डीआरएममध्येच असतो. तो कायमचा हवा असेल तर डिस्क घ्या.

पुस्तकांमध्ये सगळं दुकानावर नसतं, बरंचसं प्रकाशकावर असतं. टॉर या विज्ञानकथा छापणाऱ्या प्रकाशन संस्थेने २०१२ पासून आपली ई-पुस्तकं डीआरएमशिवाय दिली, आणि असे प्रकाशक आणखीही आहेत. पुस्तकाच्या पानावर तशी नोंद आहे का ते बघा, आणि प्रकाशकाच्या स्वतःच्या साइटवर सुटा ईपब (ई-पुस्तकाची साधी फाइल) मिळतो का तेही. किंडलचं पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीने यंत्रात टाकायची जी सोय होती, ती ॲमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली. त्यामुळे 'नंतर कधीतरी उतरवून घेऊ' हा बेत धोक्याचा आहे. सोय आज आहे म्हणून उद्या असेलच असं नाही.

गेम्सबद्दल जरा सविस्तर, कारण तिथे डिस्कही फसवते. द क्रू या गेमचे सर्व्हर यूबीसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला बंद केले. एकट्याने खेळण्याचा भागही सर्व्हरवर अवलंबून होता, त्यामुळे ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्याकडेही खेळ उरला नाही. निन्टेन्डो स्विच २ चे काही गेम 'गेम-की कार्डा'वर येतात, आणि त्या कार्डात गेम नसतोच. कार्ड घातलं की गेम नेटवरून उतरतो, आणि दर वेळी खेळताना कार्ड आत असावं लागतं. हे कार्ड उसनं देता येतं, विकता येतं, तेवढा फायदा खरा. पण उतरवून देणारा सर्व्हर गेला की नव्या यंत्रावर त्याचा उपयोग शून्य. पीसीवर गॉग या गेमच्या दुकानाचे ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवून ठेवता येतात. मोठ्या गेममध्ये एक ईएक्सई आणि सोबत अनेक बिन फाइली असतात. त्या सगळ्या एकाच फोल्डरमध्ये ठेवा. त्यातली एक जरी कमी पडली किंवा तिचं नाव बदललं तरी इन्स्टॉलर अर्ध्यात थांबतो. स्टीम या दुसऱ्या दुकानातले काही गेम स्टीमचा प्रोग्रॅम बंद असतानाही चालतात, काही नाही. ते गेमगणिक तपासावं लागतं.

कलमवाचक

दुसऱ्या प्रश्नात दोन मुद्दे एकमेकांत गुंतलेत: पुढे विकणं किंवा देणं, आणि कुलूप काढणं.

कागदी पुस्तक आपण बिनधास्त विकतो, कारण पहिल्या विक्रीनंतर त्या प्रतीच्या वितरणावरचा प्रकाशकाचा हक्क संपतो. ही मोकळीक त्या एका वस्तूपुरती असते. फाइल पाठवली की दुसरीकडे नवी प्रत जन्माला येते, आणि प्रती काढण्याचा हक्क संपलेला नसतो. वापरलेली गाणी विकण्याची सोय देणाऱ्या रीडिजीविरुद्ध कॅपिटल रेकॉर्ड्सने भरलेल्या खटल्यात अमेरिकी अपील न्यायालयाने २०१८ मध्ये हेच सांगितलं. विकणाऱ्याच्या यंत्रावरची मूळ फाइल पुसण्याची व्यवस्था तिथे होती, तरी ती कामी आली नाही. युरोपीय न्यायालयाने २०१२ च्या यूज्डसॉफ्ट निकालात कायमच्या लायसन्सवर घेतलेलं सॉफ्टवेअर पुढे विकायला परवानगी दिली, पण २०१९ मध्ये टॉम कॅबिनेट प्रकरणात ई-पुस्तकांना ती नाकारली. म्हणजे एकाच न्यायालयाने सॉफ्टवेअरला एक न्याय लावला आणि पुस्तकाला दुसरा. हे मला पटत नाही, पण आज कायदा असा आहे.

आता कुलूप. अमेरिकेच्या डीएमसीए कायद्यातलं कलम १२०१ कुलूप तोडण्यालाच मनाई करतं. आतली प्रत पैसे देऊन घेतली होती, हा बचाव सहसा चालत नाही. दर तीन वर्षांनी काही सवलती जाहीर होतात, पण त्या नेमक्या वापरांपुरत्या असतात, उदाहरणार्थ दृष्टिहीनांसाठी ई-पुस्तक वाचून दाखवता यावं म्हणून. भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ वेगळं आहे. तिथे हक्कभंग करण्याचा हेतू असणं ही अट आहे, आणि कायद्याने न रोखलेल्या कारणासाठी कुलूप काढणं त्या कलमात बसत नाही. मात्र तुम्हाला ते काढून देणाऱ्या माणसाने तुमचं नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवली पाहिजे, असंही तेच कलम सांगतं. कलम ५२ मध्ये संगणक प्रोग्रॅमच्या बॅकअप प्रतीची परवानगी वेगळी दिलेली आहे. पुस्तकं-गाण्यांसाठी आधार घ्यावा लागतो तो खासगी वापरासाठीच्या वाजवी वापराचा.

त्यामुळे 'सरसकट गुन्हा' आणि 'पैसे भरले म्हणजे हक्क' ही दोन्ही वाक्यं चूक आहेत. उत्तर देशागणिक आणि वस्तूगणिक बदलतं. आणि कायद्याने सुटलात तरी करार उरतोच. डीआरएमला हात लावायचा नाही ही अट तुम्ही मान्य केलेली असते. ती मोडल्यावर कंपनी न्यायालयात न जाता नुसतं खातं बंद करू शकते, आणि त्या खात्यात त्या एका पुस्तकासोबत इतर शंभर गोष्टी असतात.

घेण्याआधीच्या माहितीबाबत एक चांगला बदल झालाय. कॅलिफोर्नियाचा एबी २४२६ हा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. ग्राहकाला हे फक्त लायसन्स आहे असं ठळकपणे सांगितल्याशिवाय डिजिटल वस्तूच्या बटणावर 'विकत घ्या' असं लिहिता येत नाही. यातली सूट महत्त्वाची आहे: जी फाइल कायमची उतरवून नेटशिवाय वापरता येते, तिला हा नियम लागू नाही. बिनकुलूप यांची चाचणी आणि कायद्यातली ही सूट जवळपास एकच आहेत.

बिनकुलूप

कलमवाचक, कायद्याची मांडणी मान्य. पण ज्याने पूर्ण किंमत मोजली त्याला स्वतःच्या दुसऱ्या यंत्रावर पुस्तक वाचू न देणं हे अन्यायाचंच आहे, आणि हे मोठ्याने म्हणत राहिलं पाहिजे. म्हणूनच माझा सल्ला कुलूप तोडायचा नाही, कुलूपबंद वस्तू पूर्ण किमतीला घ्यायचीच नाही असा आहे.

भाडेकरू

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. बहुतेक सिनेमे आपण एकदाच बघतो, बऱ्याच कादंबऱ्या एकदाच वाचतो. त्यांची मालकी घेणं म्हणजे हार्ड डिस्क विकत घेणं, ती काही वर्षांनी बदलणं, प्रती तपासणं, फोल्डर लावत बसणं. हा वेळ आयुष्यातलाच जातो. एकदाच उघडायच्या वस्तूसाठी वर्गणी किंवा भाडं हाच प्रामाणिक व्यवहार आहे, कारण तिथे कुणी मालकीचा आव आणत नाही. वाईट आहे तो मधला प्रकार: किंमत मालकीची आणि हक्क भाडेकरूचे.

माझा निकष: दुसऱ्यांदा उघडणार आहे का? संदर्भग्रंथ, स्वयंपाकाची पुस्तकं, मुलांना पुन्हा पुन्हा लागणारी गोष्ट, रियाजाला लागणारं रेकॉर्डिंग, हे सुट्या फाइलीत किंवा कागदावर. बाकी सगळं भाड्याने.

एक गोष्ट मात्र भाड्याच्या पुस्तकातही आपलीच असते: आपण लिहिलेल्या टिपा. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा पुस्तकांचे पैसे परत दिले आणि ज्यांनी टिपा केल्या होत्या त्यांना २५ डॉलर वर दिले. पुस्तक दुसरीकडून घेता आलं, समासातलं लिखाण गेलं. टिपा दर काही महिन्यांनी बाहेर काढा. किंडल यंत्र संगणकाला जोडलं की 'माय क्लिपिंग्ज' नावाची टेक्स्ट फाइल सापडते. ती कॉपी केली की झालं.

दोन_चाव्या

तिसऱ्या प्रश्नाला माझं ठाम उत्तर: प्रत्येक माणसाचं स्वतःचं खातं, आणि सामायिक वापरासाठी कुटुंबगट (घरातली वेगवेगळी खाती जोडून काही गोष्टी वाटून वापरायची कंपन्यांची सोय). एकच लॉगिन दोघांनी वापरू नये. नात्यावर विश्वास कमी आहे म्हणून नाही. कंपनीच्या लेखी एका खात्याला एकच मालक असतो म्हणून. वेगळं होताना त्या खात्याचे दोन भाग करून देणारी सोय नसते. ज्याच्या नावावर खातं, त्याच्याकडे सगळी खरेदी. दुसऱ्याने निम्मे पैसे दिले असले तरी त्याची नोंद कुठेच नसते.

मुलांसाठीही हेच. आईबापांच्या खात्यावर दहा वर्षं घेतलेले गेम मूल मोठं झाल्यावर त्याच्या खात्यात हलवता येत नाहीत. मुलाचं वेगळं खातं पहिल्यापासून उघडा आणि त्याच्यासाठीची खरेदी त्यातच करा.

कुटुंबगटाचेही काच आहेत, ते आधी माहीत असलेले बरे. ॲपल आणि गूगल दोन्हीकडे गटात जास्तीत जास्त सहा जण. गूगलचा गट बारा महिन्यांत एकदाच बदलता येतो. स्टीमचा गटही सहा जणांचा. कुणी बाहेर पडलं की त्याची जागा वर्षभर अडकते. शिवाय स्टीमवर तुमच्या मालकीच्या गेममध्ये गटातल्या दुसऱ्याने लबाडी केली आणि त्याच्यावर बंदी आली, तर त्या गेममध्ये तुमच्यावरही येऊ शकते. म्हणून गटात मित्रमंडळी भरू नका.

वेगळं व्हायची वेळ आली तर क्रम महत्त्वाचा. आधी सामायिक अल्बममधले दुसऱ्याने टाकलेले फोटो स्वतःच्या खात्यात 'सेव्ह' करून घ्या, कारण नुसते दिसतात म्हणून ते तुमच्या खात्यात नसतात. मग सामायिक साठवण किती व्यापलीय ते बघा. गटाची जागा गेल्यावर तुमच्या स्वतःच्या मर्यादेपेक्षा जास्त भरलेलं असेल तर नवे फोटो चढत नाहीत आणि जीमेलवर मेल येणं थांबतं. त्यानंतर पासवर्ड बदला, रिकव्हरीचा फोन आणि ईमेल बदला, जुन्या यंत्रांतून साइन आउट करा, लोकेशन शेअरिंग बंद करा. गट सोडायचा तो सगळ्यात शेवटी. घाईत लोक गट आधी सोडतात आणि निम्मे फोटो तिकडेच राहतात.

माणूस गेल्यावर काय, याचं उत्तर तो असतानाच तयार करावं लागतं. गूगलमध्ये इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आहे. तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने खातं वापरलं गेलं नाही तर काय करायचं ते ठरवता येतं, आणि दहा जणांपर्यंत कळवायची, डेटा द्यायची सोय आहे. काहीच ठरवलं नसेल तर दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं. ॲपलमध्ये लेगसी कॉन्टॅक्ट, म्हणजे आपल्यामागे खातं बघणारी माणसं, पाच जणांपर्यंत नेमता येतात. त्यांना एक ॲक्सेस की मिळते. ती आणि मृत्यूचा दाखला दिला की फोटो, नोंदी, फाइली तीन वर्षांसाठी खुल्या होतात. विकत घेतलेली गाणी-सिनेमे-पुस्तकं आणि कीचेनमधले पासवर्ड मात्र त्यात येत नाहीत. की छापून कागदपत्रांसोबत ठेवा. नेमलेल्या माणसाच्या फोनवर नुसती पडून असेल तर त्याने फोन बदलल्यावर ती सापडेलच असं नाही.

मृत्युपत्रात लिहिलं म्हणजे झालं, असं समजू नका. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत वारसांच्या डिजिटल प्रवेशाचा जो नमुना कायदा चालतो, त्यात कंपनीच्या साधनात केलेली निवड मृत्युपत्राच्याही वर असते. जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मृत मुलीचं फेसबुक खातं आईवडिलांना खुलं करायला लावलं, पत्रं वारशाने मिळतात तसंच हे, म्हणून. भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही नामनिर्देशनाचा हक्क आहे, पण तो वैयक्तिक माहितीबद्दल आहे, खरेदीच्या लायसन्सबद्दल नाही. खरेदी पुढच्या पिढीला जायची असेल तर ती सुट्या फाइलीत किंवा कागदावर असावी लागते.

आणि एक चूक फार घरांत होते. माणूस गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मोबाइल नंबर बंद करतात. मग प्रत्येक खात्याचा ओटीपी त्या बंद नंबरवर जात राहतो. बाकी सगळं मार्गी लागेपर्यंत तो नंबर चालू ठेवा.

तिसरी_प्रत

फोटोंबद्दल कुणी नीट लिहिलं नाही, आणि परत न मिळणारी गोष्ट तीच आहे. पुस्तक पुन्हा घेता येतं.

फोटोंवर कायद्याचाही अडसर नाही: ते तुमचेच आहेत आणि मागितल्यावर मिळतात. अडचण मिळतात त्या रूपाची आहे. गूगल टेकआउटमध्ये (गूगलकडचा आपला डेटा उतरवून घ्यायची सोय) सगळ्या खुणा काढून फक्त गूगल फोटोज निवडा. भागाचा आकार डीफॉल्टने २ जीबी असतो, तो ५० जीबी केला तर झिपचे तुकडे कमी होतात, पण नेट मध्येच तुटत असेल तर १० जीबीच बरा, कारण तुटलेला भाग पुन्हा पहिल्यापासून उतरवावा लागतो. लिंक साधारण आठवडाभर टिकते. सगळे भाग एकाच फोल्डरमध्ये उलगडा. वेगवेगळे उलगडले तर फोटो एका भागात आणि त्याची जेसन फाइल (फोटोची माहिती असलेली छोटी टेक्स्ट फाइल) दुसऱ्या भागात अशी ताटातूट होते.

ही जेसन फाइल फेकू नका. कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख फोटोच्या आतच असते, पण स्कॅन केलेल्या जुन्या फोटोला तुम्ही ॲपमध्ये हाताने दिलेली तारीख, ठिकाण आणि खालचं वर्णन फक्त जेसनमध्ये असतं. ती न जोडता फोटो दुसरीकडे चढवले की आजीच्या लग्नाचा फोटो स्कॅन केल्याच्या तारखेला जाऊन बसतो. एक्झिफटूल या फुकट प्रोग्रॅमने ही माहिती फोटोंत परत भरता येते. आधी वीस-पंचवीस फोटोंच्या प्रतीवर करून बघा, मग सगळ्यांवर चालवा. अल्बममधले फोटो वर्षाच्या फोल्डरमध्येही येतात, त्यामुळे एकच फोटो दोनदा दिसला तर घाबरू नका.

त्यानंतर तीन प्रती: एक रोजच्या संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर, नातेवाइकांकडे किंवा एन्क्रिप्ट करून (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असं करून) दुसऱ्या क्लाउडवर. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका ठिकाणी पुसलं की सिंक दुसरीकडेही पुसतं. वर्षानुवर्षं कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडी किंवा पेनड्राइव्ह नको, कारण वीज न मिळता पडून राहिल्यावर त्यातला विद्युतभार हळूहळू ओसरतो. साधी हार्ड डिस्क घ्या आणि वर्षातून एकदा जोडा. प्रत केल्यावर फाइलींच्या एसएचए-२५६ बेरजांची (प्रत्येक फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा आकडा) यादी सोबत ठेवा. पुढच्या वर्षी तीच बेरीज पुन्हा काढली की कुठली फाइल बिघडली ते नेमकं कळतं. डिस्क एन्क्रिप्ट केलीत तर तिचा पासवर्ड कागदावर लिहून दुसऱ्या जागी ठेवा, नाहीतर वारसांच्या हाती नुसता डबा येतो.

निळी_शाई (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार, बरंच स्पष्ट झालं. एक पुरवणी प्रश्न: ही सगळी खाती शेवटी एका ईमेलवर टांगलेली आहेत. ते खातंच बंद झालं तर? स्वतःचं डोमेन (ईमेलच्या पत्त्यात @ नंतर येणारं नाव) घेऊन त्यावर ईमेल चालवणं कितपत शहाणपणाचं?

दोन_चाव्या

शहाणपणाचं आहे, कारण पत्ता तुमचा राहतो आणि मेल सांभाळणारी कंपनी कधीही बदलता येते. पण डोमेनही मुदतीवरच असतं, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षं. .कॉमसारख्या डोमेनची मुदत संपली की नोंदणी कंपनीगणिक काही दिवसांची सवलत, मग जादा शुल्क भरून सोडवून घेण्याचे तीस दिवस, मग यादीतून काढलं जाण्याआधीचे पाच दिवस, आणि त्यानंतर ते कुणालाही घेता येतं. नव्या मालकाने त्यावर मेल सुरू केली की तुमच्या प्रत्येक खात्याचं 'पासवर्ड विसरलात?'चं पत्र त्याच्या हाती जातं. जीमेल गमावण्यापेक्षा हे वाईट.

म्हणून ही काळजी घ्या: मुदत लांबची भरा; आपोआप नूतनीकरण चालू ठेवा आणि कार्ड बदललं की तिथेही बदला; डोमेन कंपनीच्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नका, कारण डोमेन बंद पडलं तर इशाऱ्याची पत्रंही त्याच्यासोबत बंद होतील. दोन टप्प्यांच्या लॉगिनचे रिकव्हरी कोड कागदावर छापा. घरातल्या दुसऱ्या माणसाला डोमेन कुठल्या कंपनीकडे आहे आणि कुठल्या महिन्यात पैसे भरायचे, एवढं तरी ठाऊक असू द्या.

कलमवाचक

एक जोड: डोमेन स्वतःच्या नावावर नोंदवा. साइट बनवून देणारे किंवा ओळखीचे तंत्रज्ञ बऱ्याचदा ते स्वतःच्या नावावर घेतात. वाद झाला तर नोंदीत ज्याचं नाव, त्याची बाजू आधीच जड असते. नोंदणी कंपनीच्या खात्यात शिरून 'रजिस्ट्रंट' (नोंदणीधारक) या रकान्यात कुणाचं नाव आहे ते आजच बघा.